बाड्यामागचं ऑफिस आणि काळी खिडकी

आमच्या कंप्यूटरच्या पडद्यावर कामाची एक काळी खिडकी असते. तिच्यात वरचा बाण दाबला की याआधी टाइप केलेली कमांड परत समोर येते. आणखी दाबला की त्याच्याही आधीची. दाबत राहिलं तर महिना-महिना मागे जाता येतं. कमांड बरोबर होती की चुकलेली, हे ती खिडकी बघत नाही. जे टाइप झालं ते ठेवून देते.

आमच्या ऑफिसातले किस्से असेच साठलेत. कुणी लिहून ठेवले नाहीत. दुपारी चहाला बसलं की एक आठवतो, त्याला धरून दुसरा येतो. पुण्याची बहीण फोनवर विचारते, "तुमच्या त्या कंप्यूटरच्या कामात सांगण्यासारखं असतं तरी काय?" तिला सांगितलेलेच इथे सांगते.

*

आधी काम काय ते सांगते. मोठमोठ्या दुकानांत, दवाखान्यांत ग्राहकांची सगळी माहिती ठेवायला एक सॉफ्टवेअर असतं, त्याला सीआरएम म्हणतात. कोण आलं, कधी आलं, काय हवं होतं, परत फोन कधी करायचा. ते तयारच मिळतं, पण प्रत्येकाची गरज त्यात मावत नाही. मग त्या सीआरएमच्या आत बसणारं छोटंसं ॲप बनवून द्यायचं, हा आमचा धंदा. ते बनवायचं, तपासायचं, बांधायचं, म्हणजे सगळे तुकडे जोडून एक करायचं, आणि पब्लिश करायचं, हे सगळं त्या काळ्या खिडकीत एकेक कमांड देऊन. माउस लागतो तो फक्त पान मांडून बघायला.

आमचं शहर हिंदी मुलखातलं. ऑफिस तिथल्या महाराज बाडा चौकाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. मालक शिरीष. तो शाळेत माझा विद्यार्थी होता. बावीस वर्षं मी हिंदी आणि मराठी शिकवलं. मग घशात गाठी निघाल्या. डॉक्टर म्हणाले, "बोलू शकाल, पण वर्गात बोलता तसं आता नाही." घरी बसून आठ महिने झाले होते, तेव्हा शिरीष आला. म्हणाला, "बाई, आमच्याकडे बोलावं लागत नाही. ॲप कसं वापरायचं ते लिहायचं, आणि आम्ही बनवलेलं नीट चालतंय का बघायचं. तुम्ही वह्या तपासायच्या तशा तपासा."

पहिल्या दिवशी तो मला सगळीकडे फिरवत होता. "बाई, इथे बसा. बाई, पाणी तिथे आहे."

कोपऱ्यात तोमरजी बसले होते. रघुवीर सिंह तोमर, मुरैन्याच्या बाजूचे, शिरीषपेक्षा वयानं मोठे, ऑफिसातले पहिले डेव्हलपर. ते माझ्याकडे बघत होते, मग शिरीषकडे. शेवटी उठले आणि त्याला बाहेर जिन्यात घेऊन गेले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं.

"शिरीष बाबू, उम्र में आपसे बड़ी हैं। पढ़ी-लिखी लगती हैं। घर के काम वाली को भी हम ऐसे नहीं बुलाते।"

शिरीषला आधी कळेचना. मग त्यानं समजावलं की मराठीत शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात, मानानं म्हणतात.

तोमरजी आत येऊन माझ्यासमोर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "नमस्ते, बाई जी।" तो 'जी' त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. म्हणायचे, तुमच्या भाषेत मान असेल, माझ्या कानाला अजून भरवसा नाही.

*

श्रुती आली त्या दिवसाचं सांगते.

तिचे वडील गोरखीजवळच्या एका देवळात पूजा करतात. श्रुतीची दृष्टी अकराव्या वर्षी गेली. तरी तिनं कंप्यूटरची पदवी घेतली, पहिल्या वर्गात. त्यानंतर जिथे मुलाखत दिली तिथे चहा मिळाला, "कळवतो" असं ऐकायला मिळालं आणि कळवलं कुणीच नाही.

शिरीषनं सगळ्यांना देतो तीच परीक्षा तिला दिली. पडद्यावर चौकटी ओढून एक पान मांडायचं. ग्राहकाचं नाव इथे, फोन तिथे. सांगताना त्याच्या लक्षात आलं आणि तो अर्ध्यावर थांबला.

श्रुतीच म्हणाली, "सर, ओढून मांडायचं मला नाही जमणार. लेकिन इसका कमांड वाला टूल भी है न? तो चालेल का?"

तिनं स्वतःचा लॅपटॉप उघडला आणि एका कानात इअरफोन घातला. तिच्या लॅपटॉपमध्ये स्क्रीन रीडर आहे, म्हणजे पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचून दाखवणारा आवाज. खिडक्या, चित्रं, बटणं असली की तो आवाज गोंधळतो. काळ्या खिडकीत नुसता मजकूर, त्यामुळे तिथे तो सरळ चालतो. ती टाइप करत राहिली. मध्ये फक्त एकदा विचारलं, "फोन नंबरची चौकट उजवीकडे हवी की डावीकडे?"

"उजवीकडे," शिरीष म्हणाला.

वीस मिनिटांत तिनं पान तयार केलं, तपासलं आणि टेस्टवर पाठवलं. आम्ही उघडून बघितलं. चौकट उजवीकडे होती.

तोमरजींचं समाधान झालं नव्हतं. "बेटा, आपको पता कैसे चला कि हो गया?"

"सर, उसने बोला न।" तिनं इअरफोन काढून त्यांच्यापुढे धरला. तो आवाज ती इतक्या वेगानं लावते की आपल्याला नुसती भिरभिर ऐकू येते. तोमरजींनी कानाशी धरला, ऐकला, परत दिला.

"मुझे तो एक अक्षर समझ नहीं आया।"

"मुझे भी आपकी स्क्रीन समझ नहीं आती, सर।"

तोमरजी आपल्या जागेवर गेले आणि शेजारच्या खुर्चीवरचे कागद उचलून ती रिकामी केली.

शिरीष बाहेर आला. तिचे वडील जिन्याच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. त्याला बघताच उठले. "झालं का? निघू आम्ही?" त्या 'निघू'त सवय होती, असं शिरीष नंतर म्हणाला.

"तुम्ही निघा, काका," तो म्हणाला. "ती साडेसहाला सुटेल."

*

पुढचा किस्सा आम्ही हसत कधी सांगितला नाही.

एका खासगी डायलिसिस सेंटरसाठी आम्ही ॲप केलं होतं. कुणाची पाळी कधी हे त्यांच्या सीआरएममध्ये असायचं, आणि आमचं ॲप आदल्या संध्याकाळी रुग्णाला मेसेज पाठवायचं. तोमरजींनी त्यात नवीन सोय केली. मशीन बंद पडलं तर पाळी रद्द झाल्याचा मेसेज जावा. ती टेस्टवर, म्हणजे खोट्या रुग्णांवर, चालवून बघायची होती.

दुपारचे चार. तोमरजींनी वरचा बाण दाबून आधीची कमांड आणली आणि एंटर दाबलं. ती कमांड टेस्टची नव्हती, खऱ्या सेंटरची होती. सकाळी त्यांनीच वापरली होती.

सव्वीस माणसांना मेसेज गेला. "कल आपकी बारी निरस्त है।"

डायलिसिसची पाळी चुकली तर काय होतं हे सगळ्यांना माहीत होतं. तोमरजी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसले होते. शिरीषनं सेंटरला फोन केला, काही न लपवता सांगितलं. दुरुस्तीचा मेसेज लगेच गेला. सेंटरच्या नर्सेसनी आणि आम्ही यादी वाटून घेऊन फोन सुरू केले. मला फार बोलायला बंदी होती, त्या दिवशी मी सात जणांशी बोलले. पाच वाजेपर्यंत बावीस जणांशी बोलणं झालं. चौघांनी फोन उचलला नाही.

तोमरजींनी चार पत्ते कागदावर उतरवले. शिरीष म्हणाला, दोन मी घेतो. तोमरजी म्हणाले, "चारों मैं जाऊँगा।" बराच वाद झाला. शेवटी शिरीषनं दोन घेतले.

तोमरजींचा शेवटचा पत्ता बिर्ला नगरातला, जुन्या मिलच्या क्वार्टरमधला. दार एका म्हाताऱ्यानं उघडलं. रामस्वरूप त्यांचं नाव. मोबाइल मुलाच्या नावावर होता आणि मुलगा नोएडाला. यांना कुठलाच मेसेज मिळाला नव्हता. तोमरजींनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. कमांड काय, टेस्ट काय, आपली चूक कशी झाली. रामस्वरूपजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तो मतलब कल आना है?"

"जी।"

"वो तो मैं आता ही हूँ।" मग म्हणाले, "तुम बैठो। पहले पानी पियो, तुम्हारा मुँह सूख रहा है।"

दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटर उघडायच्या आधी तोमरजी फाटकापाशी उभे होते, हातात सव्वीस नावांची यादी. एकेक जण आत गेला की खूण करायची. शेवटची खूण झाली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तिथून ऑफिसात आले आणि न जेवता कामाला बसले.

त्या सेंटरच्या ॲपवर आता खरी कमांड दिली की ती लगेच चालत नाही. थांबते आणि सांगते, एक नाव पूर्ण टाइप करा. मग आपण टाइप करतो, रामस्वरूप. त्याशिवाय ती पुढे जात नाही.

*

शिरीषची आई गेली आणि त्याचे वडील घरात एकटे राहीनात. म्हणून तो त्यांना सकाळी बरोबर घेऊन यायचा. नाना खिडकीपाशी पेपर घेऊन बसायचे. त्यांनी तीस वर्षं कापडाच्या मिलमध्ये लूमवर, म्हणजे मागावर, काम केलेलं. मिल बंद झाली त्यानंतर त्यांनी बरीच कामं केली, पण कुठल्याच कामाबद्दल ते कधी बोलले नाहीत. मिलबद्दल तर नाहीच. बाप-लेकाचं बोलणं म्हणजे "गोळी घेतली?" आणि "घेतली."

एकदा शेतीची अवजारं विकणाऱ्या एका माणसाचं ॲप संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. सकाळपासून ते बांधलंच जात नव्हतं. कमांड दिली की दोनशे-तीनशे ओळी सरसर येत, सगळ्या चुकांच्या, आणि थांबत. शेवटच्या ओळीत जे लिहिलेलं असे ते शिरीष आणि तोमरजी दुरुस्त करत. ते झालं की तिथे दुसरंच काही येई. असे चार तास गेले.

नाना पेपर ठेवून त्यांच्यामागे येऊन उभे राहिले होते. आमच्या लक्षात नाही आलं.

"हे वरून खाली येतं का?" त्यांनी विचारलं.

"हो, नाना."

"मग तुम्ही खालून का बघताय?"

शिरीष दमला होता. "नाना, हे कापड नाही."

नानांना राग आला नाही. ते म्हणाले, "लूमवर उभा धागा तुटला की लगेच दिसत नाही. हातभर खाली कापड गेलं की भोक दिसतं. नवीन माणूस त्या भोकाशी झटापट करतो. धागा वरच तुटलेला असतो. तो जोडेपर्यंत खाली सारखी नवी भोकं."

श्रुती आपल्या जागेवरून म्हणाली, "नाना बरोबर म्हणतायत. मला तर पहिली ओळच आधी ऐकू येते, मी सुरू से ही सुनती हूँ. थांबा." तिनं कमांड चालवली आणि कान देऊन ऐकलं. पहिल्या ओळीत होतं, अमुक नावाची फाइल सापडली नाही. शिरीषनं आदल्या दिवशी तिचं नाव बदललं होतं आणि एका जागी जुनंच राहिलं होतं. दहा मिनिटांत ॲप बांधून झालं.

नाना तोवर परत पेपरकडे गेले होते. शिरीष खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसला. मी समोरच होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं विचारलं, "नाना, मिल बंद झाली त्या दिवशी तुमच्या लूमवर कापड होतं का?"

"होतं."

"किती?"

"निम्मं झालं होतं."

"मग त्याचं काय केलं?"

नानांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मी म्हटलं, एवढं पूर्ण करून जातो. नाही करू दिलं."

त्यानंतर दुपारी ते दोघं गच्चीवर चहा प्यायला जाऊ लागले. तिथे काय बोलत, मला माहीत नाही.

*

काळ्या खिडकीचं ते टूल दुसरी मोठी कंपनी बनवते. मधून मधून त्याची नवी आवृत्ती येते. एका आवृत्तीत त्यांनी ते सुंदर केलं. कमांड चालू असताना एक छोटं चाक गरागरा फिरायचं. शेवटी "झालं" किंवा "नाही झालं" असे शब्द यायचे, त्यांच्या जागी हिरवी खूण नाहीतर लाल फुली यायला लागली. आम्हाला आवडलं.

श्रुतीला ते चाक दर क्षणाला एक नवी ओळ म्हणून ऐकू येऊ लागलं. आणि शेवटी आवाज म्हणायचा, "चिन्ह." हिरवं की लाल, खूण की फुली, कळायला मार्ग नाही.

मग ती कमांड द्यायची, इअरफोन काढायची आणि विचारायची, "तोमर सर, क्या आया?"

"हरा है, बेटा।"

दिवसातून तीस-चाळीस वेळा. तोमरजींनी एकदाही कुरकुर केली नाही, आपलं काम टाकून मान वळवायचे. पण श्रुती दिवसेंदिवस कमी बोलायला लागली. नवव्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मला म्हणाली, "बाई, मी इथे का टिकले माहिती आहे? यहाँ मुझे किसी से पूछना नहीं पड़ता था।"

तिनं त्या कंपनीला पत्र लिहिलं, इंग्रजीत, सहा ओळींचं. मला वाचून दाखवलं. मी म्हटलं, जरा सौम्य कर. ती म्हणाली, "बाई, व्याकरण तेवढं बघा." व्याकरणात चूक नव्हती.

अडीच आठवड्यांनी उत्तर आलं. ज्यानं ते चाक बनवलं होतं त्या माणसानंच लिहिलं होतं. त्यानं पडदा बंद करून एक दिवस आपलंच टूल वापरून बघितलं, असं त्यात होतं. दुपारपर्यंतही त्याला जमलं नव्हतं. पुढच्या आवृत्तीत एक सोय आली. कमांडच्या शेवटी एक शब्द जोडला की चाक नाही, रंग नाही, साधी वाक्यं.

श्रुतीनं ती लावली. एक कमांड दिली, ऐकली आणि कुणालाही न विचारता पुढची दिली.

थोड्या दिवसांनी मी पाहिलं की तोमरजींच्या खिडकीतही चाक फिरत नाही, साधी वाक्यंच येतात. मी विचारलं, "तुम्ही का लावलंत?"

ते म्हणाले, "बाई जी, मुझे लाल-हरा एक जैसा दिखता है। शुरू से। मैं तो निशान की बनावट देखकर बोलता था।" मग म्हणाले, "पिताजी फ़ौज में थे, भाई भी। मैं दौड़ में पहला आया था। आँख की जाँच में रह गया। इसीलिए तो कंप्यूटर पे आया।"

श्रुती ऐकत होती. म्हणाली, "सर, आपने बताया क्यों नहीं?"

"तुमने पूछा ही 'क्या आया', बेटा। रंग कब पूछा?"

*

तोमरजी गेले त्याला आता दीड वर्ष होईल. पुतण्याच्या लग्नाला गावी गेले होते. सकाळी अंघोळ करून खाटेवर बसले आणि तिथेच आडवे झाले.

तेरा दिवसांनंतर एका क्लायंटचं ॲप दुरुस्त करून पाठवायचं होतं. आमचं पब्लिश करायचं खातं तोमरजींनी उघडलेलं, फार पूर्वी, ऑफिसात दोघंच असताना. पब्लिशची कमांड दिली की टूल सहा आकडे मागतं, आणि ते आकडे त्यांच्या मोबाइलवर येतात. ते शेजारीच बसलेले असायचे, वाचून दाखवायचे, म्हणून कुणाला कधी काही वाटलं नव्हतं.

मोबाइल आता त्यांच्या बायकोकडे होता. तोमर भाभींना हे कसं विचारायचं, शिरीषला कळेना. शेवटी मी फोन केला. फोन बंद करू नका, एक मेसेज येईल, एवढंच सांगणार होते. त्या म्हणाल्या, "मैं वहीं आ जाती हूँ।"

मुरारहून शेअरच्या टेंपोनं आल्या. तीन मजले चढून आल्या, तोमरजींच्या खुर्चीत नाही बसल्या, श्रुतीशेजारच्या स्टुलावर बसल्या. मोबाइल रुमालात गुंडाळलेला होता. तो काढून दोन्ही हातांत धरला. श्रुतीनं कमांड दिली. मोबाइल थरथरला.

भाभींनी एकेक आकडा सावकाश वाचला. श्रुतीनं टाइप केला. ॲप पब्लिश झालं.

शिरीष म्हणाला, "भाभीजी, अब हम नंबर बदलवा लेंगे। आपको फिर तकलीफ़ नहीं होगी।"

त्यांनी मोबाइलकडे बघितलं. "यह मैसेज हर बार आता है?"

"हर बार। जब भी कुछ नया भेजते हैं।"

"तो आने दीजिए," त्या म्हणाल्या. "मैं पढ़ दिया करूँगी।"

नंबर बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत. भिंतीवरच्या फळ्यावर शिरीषनं कामांच्या यादीत ते लिहिलं होतं, 'नंबर बदलणे'. वरची-खालची कामं पुसली जातात, नवी येतात. ते तसंच आहे.

आता पब्लिशच्या वेळी श्रुती भाभींना फोन लावते. पहिल्याच रिंगला उचलतात. "आज किसका है?" विचारतात. श्रुती सांगते, शाळेचं आहे, दवाखान्याचं आहे, ट्रॅक्टरवाल्याचं आहे. मग मेसेज येतो, त्या आकडे वाचतात. कधी म्हणतात, "वो ट्रैक्टर वाले का पिछले महीने भी था न?" आमचे सगळे क्लायंट त्यांना पाठ झालेत.

गेल्या महिन्यात काम थोडं मंद होतं. तीन आठवडे पब्लिश करण्यासारखं काही निघालंच नाही. एका गुरुवारी दुपारी ऑफिसचा फोन वाजला. मी उचलला. भाभी होत्या, घरच्या दुसऱ्या फोनवरून. आवाज नेहमीसारखाच.

"बाई जी, बहुत दिन से मैसेज नहीं आया। मैंने सोचा, फ़ोन तो ख़राब नहीं हो गया। चार्ज तो पूरा रखती हूँ।"

मी म्हटलं, "नहीं भाभी, फ़ोन ठीक है। काम ही—"

श्रुतीनं हात वर करून मला थांबवलं. खुर्ची पुढे ओढली. स्वतःचं एक जुनं ॲप उघडलं, त्यात एकही ओळ न बदलता फक्त आवृत्तीचा शेवटचा आकडा एकानं वाढवला आणि पब्लिशची कमांड दिली. शिरीष आपल्या जागेवरून बघत होता.

पाठवण्याआधी टूल नेहमी विचारतं, या आवृत्तीत नवीन काय आहे. श्रुतीनं टाइप केलं, 'किरकोळ सुधारणा', आणि एंटर दाबलं.

पलीकडे मोबाइल थरथरल्याचं मला ऐकू आलं.

"आ गया," भाभी म्हणाल्या. "बिटिया से कहिए, लिखे।"